वरीलप्रमाणे आणि वगैरे

बारामती मोठी की इंदापूर, हा वाद आमच्यात कॉलेजपासूनचा आहे. नीरा डावा कालवा आधी बारामतीतून जातो आणि मग इंदापुरात, त्यामुळे या वादाला पाण्याचीही बाजू आहे. ती चहाच्या टपरीवर काढायची नाही असा अलिखित करार आहे. परवा मात्र निकाल लागला. एकाने लॅपटॉप उघडून दोन्ही नावं मोजली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. अक्षर वेगळं, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. बारामती : ७ चिन्हं, २१ बाइट. इंदापूर : ७ चिन्हं, २१ बाइट.

"पण इंग्रजीत बारामती ८ आणि इंदापूर ७," बारामतीकर म्हणाला.

"कारण आम्ही आधीच कॉम्प्रेस्ड आहोत," इंदापूरकराचं उत्तर तयारच होतं. "कालव्याच्या शेपटाला राहिल्यावर माणूस आवळून राहायला शिकतो."

करार मोडला, म्हणून चहा त्याच्यावर.

कॉम्प्रेशनचा विषय उगाच निघाला नव्हता. एका जुन्या संस्थेची रजिस्टरं स्कॅन करून द्यायचं काम आम्ही तिघांनी घेतलं होतं. पानं हजारो आणि सर्व्हरवरची जागा मोजकी. कुठलं टूल वापरायचं यावर दोन दिवस डोकेफोड चालली होती. झिप १९८९ पासून आहे आणि कुठेही उघडतं, हा त्याचा मोठा गुण. सेव्हन-झिप जास्त आवळतं, पण वेळ खातं. झेडस्टँडर्ड २०१६ साली फेसबुकने खुलं केलं. ते वेगवान आहे आणि आवळतंही बऱ्यापैकी. आमच्यातला एक जण विनरारचा भक्त आहे. त्याची ४० दिवसांची चाचणी-मुदत अजून चालू आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. त्याचं मत धरलं नाही.

या सगळ्यांच्या पोटात कल्पना एकच, आणि ती आपल्या कारकुनांना फार आधीपासून माहीत होती. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली ती गणितात मांडली : आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो पुन्हा लिहू नका, 'इतकी अक्षरं मागे जा, तिथून इतकी अक्षरं उचल' एवढंच लिहा. रजिस्टरात गावाचं नाव पहिल्या ओळीत असतं आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे', नाहीतर नुसत्या दोन टिकल्या. लेंपेल-झिव म्हणजे टिकल्यांचं शास्त्र. मराठी मजकूर या पद्धतीने छान आवळला जातो, कारण प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला कायम तोच असतो आणि दुसराही दोनांपैकी एक.

पण हे टूल हुशार नाही, नुसतं चिकाटीचं आहे. 'रामाला भाला मारा' हे उलटं वाचलं तरी तेच येतं, हे दहा वर्षांच्या पोरालाही दिसतं. झिपला दिसत नाही. त्याला पुढून पुढे जाणारीच पुनरावृत्ती कळते, उलटी नाही.

त्यावरून आमचा जुना खेळ सुरू झाला. हा खेळ मुळात बारामतीचाच आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला राहिले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. रामकथा त्यांनी १०८ वेळा सांगितली असं मानतात, दर वेळी काहीतरी नवी अट घालून. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण' : ओठाला ओठ लागायचा नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म हे वर्ज्य. आमच्यात जो चुकेल तो चहा पाजतो. खेळून बघा. 'बारामती' म्हणता येत नाही, 'इंदापूर' म्हणता येत नाही, 'मोरोपंत' तर नाहीच. 'मी' आणि 'माझं' गेल्यावर तर आम्ही तिघंही पाच मिनिटं गप्प. बोलण्यात 'मी' किती असतो हे तेव्हा कळतं. (विनरारवाला त्या दिवशी जिंकला. तो एरवीही कमीच बोलतो.)

आणि रामायणात 'राम' म्हणता येत नाही. ज्याची कथा त्याचंच नाव वर्ज्य, तरी कुणाचं काही अडत नाही. धनुष्य कुणी मोडलं, वनात कोण गेलं, हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. नाव कागदावर नाही, ऐकणाऱ्यापाशी आहे. झेडस्टँडर्डमध्ये हीच सोय आहे : दोन्ही टोकांना आधीच एक शब्दकोश देऊन ठेवायचा, म्हणजे फाइल आणखी लहान होते. अट इतकीच की उघडणाऱ्याकडे तो शब्दकोश हवा. नसेल तर ती फाइल कुणालाच उघडत नाही.

इथपर्यंत गंमत होती. मग काम आठवलं. इंदापूरकर म्हणाला, "झिपबिप सोडा, पानं चित्रं आहेत. थोडं लॉसी करू, निम्म्याहून कमी जागेत बसेल. डोळ्याला फरक कळणार पण नाही."

डोळ्याला फरक कळत नाही, हीच खरी अडचण. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला झेरॉक्सच्या काही यंत्रांवर विचित्र प्रकार सापडला. बांधकामाचा नकाशा स्कॅन केला, तर वेगवेगळ्या मापांच्या तीन खोल्यांवर एकच क्षेत्रफळ आलं, १४.१३ चौरस मीटर. यंत्रातली जेबीग-२ ही पद्धत एकसारखे दिसणारे आकडे शोधून एकदाच साठवत होती आणि बाकी ठिकाणी तेच चिकटवत होती. आकडा पुसट झाला असता तर माणूस सावध झाला असता. इथे आकडे स्वच्छ होते. फक्त चुकीचे होते.

"आकड्यांचं मान्य," इंदापूरकर म्हणाला, "पण सगळंच कसं जपणार? दहा बिटांच्या १०२४ फाइली होतात. त्याहून लहान फाइली सगळ्या मिळून १०२३. काहीही न गमावता प्रत्येक फाइल लहान करणारं टूल असूच शकत नाही. कुठेतरी काहीतरी टाकावंच लागणार."

गणित बिनचूक आहे, निष्कर्ष नाही. काही फाइली लहान होत नाहीत, यातून त्यांतलं काही फेकायचा हक्क मिळत नाही. त्यांना जागा द्यावी लागते एवढंच निघतं. माझ्या लग्नाचे फोटो मी वाटेल तितके दाबेन, मांडवाच्या झालरीचा रंग गेला तर माझा गेला. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचा आकडा 'जवळपास तोच' आहे, हे मी कोण ठरवणार? दोन गोष्टी सारख्या आहेत असं म्हणताना आपण एकीच्या जागी दुसरी ठेवत असतो. ज्याची गोष्ट पुसली जाते, तो त्या वेळी समोर नसतो.

पानं लॉसलेसच ठेवायची असं ठरलं. जागेचे पैसे वाढले, ते आमच्या खिशातून. मला जरा सात्त्विक वाटलं, खोटं कशाला बोला.

ते फार टिकलं नाही. पानं तपासताना एक शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला : 'वगैरे'. एका पुरुषाचं पूर्ण नाव, पुढे 'वगैरे ३', 'वगैरे ५'. हेही आवळणंच. पण 'वरीलप्रमाणे' उलगडता येतं, वर बघितलं की झालं. 'वगैरे'साठी कुठे बघायचं? लिहिणाऱ्या कारकुनाला वाटलं असेल, गावात कुणालाही विचारा, सांगतील. त्याच्या काळात ते खरंही होतं. शब्दकोश गावात होता.

आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक होडीने जाऊन फोटो काढतात. मंदिर तेच येतं, दगड न् दगड. शेजार येत नाही. तो वरच्या गावठाणांत, पुण्यात, कुठे कुठे पांगला.

त्या रजिस्टरांत माझ्या पणजोबांचं नाव निघालं, पुढे 'वगैरे ५'. आमचं बिनचूक, लॉसलेस स्कॅन. 'वगैरे'मधल्या गै वरच्या मात्रांची शाईसुद्धा जशीच्या तशी.

रात्री वडिलांना फोटो दाखवला आणि विचारलं, हे पाच कोण? चार त्यांनी लगेच सांगितले, सगळे चुलत आजोबा. पाचव्यापाशी थांबले. म्हणाले, बहुतेक बहीण असणार, दौंडकडे दिलेली, लवकर विधवा होऊन परत आली होती. सगळे तिला आक्काच म्हणायचे. मग त्यांनी इंदापूरच्या आत्याला फोन लावला. आत्याही आक्काच म्हणाली. नाव काय, विचारल्यावर म्हणाली, थांब, आठवते का बघते, उद्या सकाळी करते फोन.