गठ्ठा

एका तालुक्याच्या गावी जुने वाचनालय होते. तिथल्या सहा हजार पुस्तकांची दाखल-नोंदवही संगणकात घ्यायचे ठरले. यादी टाइप होऊन तयार होती. ती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ‘पुस्तके’ या टेबलात भरायचे काम ग्रंथपालबाईंनी दोन मदतनिसांना वाटून दिले. पहिली तीन हजार मुलीला, पुढची तीन हजार मुलाला.

मुलगा उतावळा. त्याने दर पुस्तकाला एक ‘इन्सर्ट’ असे तीन हजार आदेश तयार केले आणि लगेच सोडले. सर्व्हर होता जिल्ह्याच्या गावी. एक आदेश तिथवर जायचा, सर्व्हर तो वाचायचा, नोंद डिस्कवर पक्की करायचा, होकार धाडायचा. मग पुढचा निघायचा. मुलगा पडद्याकडे बघत बसला. मध्येच वीज गेली, संगणक बंद पडला. किती नोंदी पोचल्या आणि किती राहिल्या, ते आता मोजून काढणे आले.

मुलीने तोवर काहीच पाठवले नव्हते. ती आदेश रचत होती. ‘इन्सर्ट इनटू पुस्तके’, पुढे कंसात रकान्यांची नावे, मग ‘व्हॅल्यूज’ आणि त्यानंतर दर पुस्तकाचा एक कंस. दोन कंसांमध्ये स्वल्पविराम, शेवटी अर्धविराम. एका आदेशात ५०० पुस्तकांचा गठ्ठा.

वीज आली. तिचे पहिले दोन गठ्ठे बघता बघता गेले. तिसरा परत आला. दाखल क्रमांक १४१७ आधीच आहे, असे सर्व्हरने कळवले होते.

मुलगा हसला. “एका पुस्तकापायी पाचशेच्या पाचशे परत!”

बाई म्हणाल्या, “परत आली तेच बरं झालं. एक आदेश म्हणजे सगळं आत, नाहीतर काहीच नाही. अर्धी आत गेली असती, तर तुझ्यासारखी हीपण मोजत बसली असती.”

मुलीने पुस्तकांवरचे शिक्के पाहिले. टाइप करताना एका ठिकाणी १४७१ चे १४१७ झाले होते. आकडा सुधारून तिने तोच आदेश पुन्हा दिला. उत्तर आले: ‘इन्सर्ट ० ५००’, म्हणजे पाचशेच्या पाचशे आत.

“मग मी उरलेली सगळी एकाच आदेशात घालतो, बाई,” मुलगा म्हणाला.

“तेही नको. एक आकडा चुकला की सगळं परत येईल, आणि एका वेळी एकच चूक कळेल. दुसरी निघाली की पुन्हा सगळंच परत. शिवाय आधी यादीत दुहेरी क्रमांक आहेत का ते बघ.”

त्याने यादी तपासली, पाचशे-पाचशेचे आदेश केले आणि वाचनालय बंद व्हायच्या आत काम संपवले.

तात्पर्य: जे एकत्र जायचे ते एकत्रच पाठवावे, पण आधी तपासून, आणि परत आले तर पुन्हा उचलता येईल एवढाच गठ्ठा बांधून.