फाशाची गाठ आणि व्याधाचा धर्म

अकोला-अमरावतीच्या काळ्या रानात, काळविटाच्या वाटेवर फासे मांडण्यापूर्वी, फासेपारधी तातीची एकेक गाठ अंगठ्याने दाबून पाही, तेव्हा पाप त्या गाठीतच वसत असे, की मृगाचा पाय अडकल्यावरच ते उत्पन्न होई? महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मांस विकी, परंतु स्वहस्ते वध करीत नसे, आणि त्या स्वधर्माच्या बळावर त्याने मिथिलेत कौशिक ब्राह्मणास उपदेश केला. मला मात्र हा भेद अपुरा वाटतो, कारण हिंसेचा संकल्प सज्जतेतच हातात उतरतो. तथापि, उदरनिर्वाहार्थ फासा वळणारा पारधी आणि निव्वळ शौकाखातर बंदूक पुसणारा साहेब यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची पारध गुन्हा ठरली, हे योग्यच झाले. पण हातातला फासा काढून घेण्यापूर्वी त्या हातास कसावयाला जमीन द्यावयास हवी होती.