दुखणें आणि दाखला

ज्याच्या अंगांत कांहीं दुखणें आहे, अशा मनुष्यानें विमान चालविण्याच्या धंद्याची इच्छा धरावी काय? हा प्रश्न प्रथमदर्शनीं थोड्यांचाच वाटेल. परंतु ज्यांच्या हातीं दुसऱ्यांचे प्राण असतात त्या सर्वांस, मोटार हांकणाऱ्यास व सुईणीसही, तो लागू आहे. म्हणून वाचकांनीं आमच्याबरोबर त्याचा शांतपणें विचार करावा.

उतारूंचीं विमानें चालविणारास पहिल्या वर्गाचा वैद्यकीय दाखला लागतो. डोळे, कान, हृदय व मन यांची परीक्षा होऊन तो मिळतो, आणि दर वर्षीं, कित्येकांस दर सहा महिन्यांनीं, नवा करून घ्यावा लागतो. दाखला गेला म्हणजे पगार गेला. अशा समयीं मोठा मोह हा कीं, वैद्यापुढें गप्प राहावें.

ह्या मौनाचें फळ जगानें पाहिलें आहे. २०१५ सालीं मार्चच्या २४ व्या तारखेस बार्सिलोनाहून जर्मनीस जाणारें विमान दुय्यम वैमानिकानें फ्रान्सांतील आल्प्स पर्वतावर जाणूनबुजून आदळविलें. त्याच्यासह १५० माणसें मेलीं. वैद्यांनीं त्यास कामास अयोग्य ठरविलें होतें, पण तें त्यानें मालकांस कळूं दिलें नाहीं. मनाचा आजार असलेले सर्वच असें करितात असें मुळींच नव्हे. परंतु चौकशी करणाऱ्यांनीं हेंही दाखविलें कीं, उड्डाणाचा हक्क व उत्पन्न बुडण्याची भीति मनुष्याचें तोंड बंद करिते.

तर मग रोग्यानें आशाच सोडावी काय? तसेंही नाहीं. मधुमेहासाठीं इन्शुलिन टोंचून घेणाऱ्यांस हा धंदा पुष्कळ काळ बंद होता. कारण रक्तांतील साखर एकाएकीं उतरली तर शुद्धि हरपते. २०१२ सालीं ब्रिटननें अशांस अटींवर पहिल्या वर्गाचा दाखला देण्यास आरंभ केला. अमेरिकेनें २०१९ सालीं तशीच वाट खुली केली. ब्रिटनमधील नेम असा कीं, वैमानिकानें उड्डाणापूर्वीं, मग दर तासास, आणि उतरण्याच्या अर्धा तास आधीं आपलें रक्त तपासावें, व आंकडा जोडीदारासही दिसावा. साखर उतरूं लागली तर गोड खावें. फारच उतरली किंवा चढली तर विमानाचा ताबा जोडीदाराकडे द्यावा. येथें दुखणें नाहींसें झालें नाहीं. तें उघड्यावर आलें व मोजलें गेलें, इतकेंच. आणि तेवढ्यानें बंद दार उघडलें.

पण उत्तर ‘नाहीं’ असेंच आलें तर? अमेरिकेचा डीक स्लेटन १९५९ सालीं अंतराळवीर म्हणून निवडला गेला. परंतु हृदयाचे ठोके अनियमित पडत म्हणून १९६२ सालीं त्याचें उड्डाण काढून घेण्यांत आलें. तो रुसून घरीं बसला नाहीं. उड्डाणासाठीं दुसऱ्यांस निवडण्याचें काम त्यानें अनेक वर्षें केलें. १९७२ सालीं वैद्यांनीं त्यास पुन्हां योग्य ठरविलें, आणि १९७५ सालीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, तो अंतराळांत गेला. असा शेवट सर्वांस लाभत नाहीं. पण त्यास तो लाभला नसता तरी मधलीं वर्षें व्यर्थ गेलीं असें कोण म्हणेल?

म्हणून आमचें मत असें : दुखणें असतां दाखला मागणें हा दोष नव्हे; दुखणें झांकून मागणें हा दोष आहे. परीक्षा घेणारानें केवळ रोगाचें नांव पाहूं नये, माणूस पाहावा. आणि आपणां इतरांचेंही एक कर्तव्य आहे. गांवांतील मोटार हांकणाऱ्या भावास फेंफरें येत असेल, तर त्याचें नांव चावडीवर न नेतां त्यास वैद्याकडे न्यावें, त्याच्या हातून चाक सोडवावें, आणि दुसरें काम मिळेपर्यंत त्याच्या मुलांस भाकर द्यावी. खरें बोलणाराची चूल विझूं देऊन मग ‘तूं खरें कां लपविलेंस’ असें विचारण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.