ओरखडा कुणाच्या हातचा?

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका रात्री चाकात हवा भरायला पेट्रोल पंपावर थांबलो होतो. वर पांढरेशुभ्र एलईडी दिवे. सहज बॉनेटकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. गडद निळ्या रंगावर, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती, कोळ्याच्या जाळ्यासारखे शेकडो बारीक गोल ओरखडे. गाडी घेऊन चौदा महिने झाले होते, कर्ज फिटायला साडेतीन वर्षं बाकी. दिवसाउजेडी यातलं काहीच दिसत नव्हतं, उलट गाडी छान चमकत असे.

ओरखडे गोल, म्हणजे कुणीतरी गोल गोल फडकं फिरवतंय, असं अनुमान मी तिथल्या तिथे काढलं. गाडी रोज पुसतं कोण? मामा. आमच्या धंद्यात कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली हे एका कमांडमध्ये कळतं. त्या सवयीनं डोकं चालतं. चूक सापडली, नाव सापडलं, विषय संपला.

मामा आमच्या सोसायटीतल्या बावीस गाड्या पुसतात. पहाटे पाच ते साडेसात, रविवारीसुद्धा. गाडीमागे महिना ५०० रुपये. पन्नाशीचे असतील, मूळचे परभणीकडचे. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते, आणि ते माझ्यासारख्या पोरांनाही दादा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून खाली गेलो आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्यांना बॉनेट दाखवलं. आवाज चढवला नाही. पण पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन आलेला गाडीमालक किती सौम्य वाटू शकतो? मामा वाकले, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “रोज माझाच हात फिरतो, दादा. माझ्याच हातनं झालं असणार.” मग थोडं थांबून, “पैसं कापून घ्या.”

मी पैसे कापले नाहीत. पण ‘नाही नाही, असं कसं’ म्हणायला मला दोन-तीन सेकंद लागले. ते सेकंद माझ्या अजून लक्षात आहेत.

मग इंजिनिअर जे करतो ते केलं, वाचत बसलो. पहिलाच धक्का असा की ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. त्यातले जे दिव्याच्या प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि दिव्याभोवती असे आडवे ओरखडे मिळून वर्तुळाचा भास होतो. टॉर्च सरकवला की वर्तुळाचं केंद्रही सरकतं. रात्री खाली जाऊन करून पाहिलं. खरोखर, जिथे दिवा धरावा तिथे गुन्हा गोळा होत होता.

ओरखडे खोटे नव्हते, माझा पुरावा खोटा होता. गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, बहुतेकांच्या केसाच्या जाडीहूनही कमी. धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतो. मोहच्या मापनपट्टीवर त्याचा कठीणपणा ७, काचेवर ओरखडा काढेल इतका. लॅकर त्याच्यापुढे लोणी. फडकं ओरखडत नाही, फडक्यात अडकलेला कण ओरखडतो. दुरुस्तीचा प्रकार तर आणखी विचित्र आहे. पॉलिश करताना ओरखडा भरून निघत नाही. आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीपर्यंत खाली आणतात. थर मुळात एवढासा, त्यामुळे असं किती वेळा करणार?

त्या दिवसांत मला बर्नार्ड विल्यम्स आठवत होता. या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७६ साली नैतिक नशिबावरच्या निबंधात एका लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण दिलं आहे. काही चूक नसताना त्याच्या लॉरीखाली एक मूल येतं. बघ्यांना वाईट वाटतंच, पण ड्रायव्हरला जे वाटतं ते वेगळं असतं, कारण ते त्याच्या हातून घडलेलं असतं. आपण त्याला ‘तुझा दोष नाही’ म्हणतो, ते योग्यच आहे. पण तो चटकन ‘हो, नाहीच’ म्हणून मोकळा झाला, तर आपल्यालाच तो माणूस खटकेल. मला वाटलं, मामांचं ‘माझ्याच हातनं’ हे त्या जातीचं आहे. ते विल्यम्सचे ड्रायव्हर, मी सांत्वन करणारा. चित्र मला सोयीचं होतं.

ते पुढच्या रविवारी मोडलं. गाडी स्वतः धुवायला घेतली होती. पद्धत अशी: गाडी सावलीत, पत्रा गार. आधी नुसतं पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची, तोवर हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दुसरीच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली यायचं, कारण माती खालच्या बाजूला जास्त. चाकांचं कापड वेगळं. शेवटी टॉवेल अंथरून पाणी टिपायचं, घासायचं नाही. मला एक तास पन्नास मिनिटं लागली आणि चार बादल्या.

मामा काम संपवून हात पुसत बघत उभे होते. माझ्या हातातून मोजा फरशीवर पडला. मी तो उचलून तसाच दरवाजावर ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, “आता तो नको दादा, धुऊन घ्या. खडा आला असंल.”

“मामा, तुम्हाला माहितीय हे?”

“फडक्यात खडा आला की हाताला कळतंय की. पण पाणी कुठंय?”

पाणी कुठंय, हे मला ठाऊक होतं. त्याआधीच्या एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा सोसायटीच्या सभेत ठराव झाला, की गाड्यांसाठी दिवसाला सहाच बादल्या. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली होती, ५००० रुपये दंडासकट. सभेत तो दाखला मीच दिला होता आणि हातही वर केला होता. बावीस गाड्यांना सहा बादल्या, म्हणजे पावणेचार गाड्यांना एक. वेळ प्रत्येकी सात मिनिटांहून कमी. चौथ्या नंबरला माझी गाडी येत असेल तर आधीच्या तिघांची माती माझ्या बॉनेटवर, आणि माझी पुढच्याच्या.

म्हणजे मामांना कारण माहीत होतं, आणि तरीही ते ‘माझ्याच हातनं’ म्हणाले. ही विल्यम्सच्या ड्रायव्हरची खंत नव्हती. ज्याच्या महिन्याचा हिशोब बावीस दारांवर अवलंबून आहे, तो टॉर्चवाल्या माणसाला आणखी काय सांगणार? ‘तुमच्या ठरावानं झालं’ असं? काळजीला पाणी लागतं, वेळ लागतो. या दोन्ही गोष्टी मी सभेत काढून घेतल्या आणि उरलेली काळजी ५०० रुपयांत मागत होतो.

ठराव चुकीचा होता, असंही मला म्हणता येत नाही. पत्र्याच्या चकाकीसाठी टँकर मागवावा, हे मला पटत नाही. मग पाण्यापायी ओरखडे पत्करले, असं उघड म्हणायला हवं होतं. एकदा पत्करलेली किंमत पुन्हा दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही. मी नेमकं तेच करत होतो.

गणित मात्र मांडलं. रोज सहा बादल्या, पंधरा लिटरची एक. आठवड्याला ६३० लिटर. प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदाच, पण चार बादल्यांनी धुतली तर १३२० लिटर, सुमारे दुप्पट. वेळ तेवढाच: मामांचे आठवड्याचे साडेसतरा तास बावीस गाड्यांत वाटले तर प्रत्येकी ४७ मिनिटं. मामांचा हात चालला तर पुरतील. रोजचं पुसणं थांबलं की ओरखडेही बरेच थांबतील. ज्या पुसण्यानं गाडी रोज स्वच्छ दिसते, त्यानंच ती झिजते.

मी हे मामांना समजावून सांगितलं, थोडं उत्साहातच. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “सहा दिवस गाडीला हात नाही लावायचा, तर मग पैसं कशाचं घेऊ?”

याचं उत्तर मला आलं नाही. घरून काम करताना उंदीर हलवत राहून आपला हिरवा ठिपका जिवंत ठेवणारा मी, त्यांना काय सांगणार होतो?

सध्या असं चाललंय. मामा रोज माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि आरसे पुसतात. रविवारी मी ती चार बादल्यांनी धुतो. पाणी घरच्या नळाचं, म्हणजे शेवटी त्याच टँकरचं. ५०० रुपये चालू ठेवले. दोन महिने त्यांनी घेतले, तिसऱ्या महिन्यात २०० परत आणून दिले. “काचंचं एवढंच हुतंय.” मी नको म्हणालो, त्यांनी नोट बॉनेटवर ठेवली आणि पुढच्या गाडीकडे गेले. पुढच्या सभेत सहा बादल्यांचा विषय मी काढणार आहे. मत कुठल्या बाजूनं देईन, ते अजून ठरत नाही.

परवा लिफ्टमध्ये शेजारचे काका भेटले. म्हणाले, “तुझी गाडी हल्ली मळकी दिसते रे. मामा टाळतात वाटतं. बोलू का मी त्यांच्याशी?”

मी घाईघाईनं त्यांना क्वार्ट्झपासून ठरावापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तो हातमोजा कितीला मिळतो ते विचारलं.