ती ओळखत नसली तरी

डिमेन्शिया झालेल्या आईला भेटायला आलेली मुलं खोलीत शिरताच बहुधा एकच प्रश्न विचारतात, "आई, ओळखलंस का? सांग बरं मी कोण?" प्रश्न मायेपोटीच येतो, पण समोरची बाई त्या क्षणी कोंडीत सापडते. हा माणूस आपल्यातलाच आहे एवढं तिला जाणवत असतं, नाव मात्र सापडत नसतं. मग ती हसून वेळ मारून नेते, "असं काय विचारतोस" म्हणते, नाहीतर मुलालाच दादा म्हणून हाक मारते, कारण तिच्या थोरल्या भावाची चेहरेपट्टी अशीच होती. मुलाचा चेहरा पडतो. तो का पडला हे तिला कळत नाही, पण पडलेला दिसतो.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईला तपासलं, तेव्हा त्यांचेही प्रश्न याच जातीचे होते. नाव काय, आडनाव काय, नवऱ्याचं नाव काय? नवऱ्याचं नाव म्हणून तिने स्वतःचंच नाव सांगितलं. डॉक्टरांना हे विचारावंच लागतं, त्यावर निदान ठरतं. पोटच्या मुलांना विचारावं लागत नाही. निदान केव्हाच झालेलं असतं.

"तिला काही कळतच नाही, मग जायचं कशाला?" हा प्रश्न नातेवाइकांत उघडपणे विचारला जातो आणि हळूहळू भेटींमधलं अंतर वाढत जातं. या प्रश्नाला नुसतं भावनेने उत्तर द्यायची गरज नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमर हा डिमेन्शियाचाच एक प्रकार असलेल्या १७ जणांना आधी दुःखद आणि मग आनंदी चित्रपटांतले काही प्रसंग दाखवले गेले. थोड्याच वेळाने विचारलं तर काय पाहिलं हे त्यांना जवळजवळ आठवत नव्हतं. पण ते पाहून मनात उठलेला विषाद किंवा आनंद मात्र आठवण पुसल्यानंतरही टिकून होता. ज्यांना दुःखद प्रसंग सर्वांत कमी आठवत होते, त्यांचं दुःख उलट जास्त वेळ रेंगाळलं. नव्या घटनांची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या आजारात लवकर झिजतो. भावना मात्र केवळ त्या नोंदीच्या आधारावर उभ्या नसतात.

याचा अर्थ फार थेट आहे. दुपारी मुलगी येऊन गेली हे आईला संध्याकाळी सांगता येणार नाही, पण त्या भेटीने तिचा जीव थोडा निवला असेल तर तो निवलेपणा मागे राहू शकतो. आणि तिला प्रश्नांनी भंडावून, चुका दुरुस्त करून कुणी निघून गेलं असेल, तर ती बेचैनीही मागे राहते. बेचैनीचं कारणच आठवत नसल्याने तिला स्वतःची समजूतही घालता येत नाही. म्हणून भेट कशी झाली याला विलक्षण महत्त्व आहे.

सर्वांत अवघड घडी येते ती दिवेलागणीला. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढणं हे नेहमीचं आहे. आई दाराकडे बघत म्हणते, "अजून आले नाहीत हे. पोळ्या करायला घ्यायला हव्यात." वडील जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. "अगं आई, बाबा गेले ना!" असं सांगितलं तर ती ही बातमी आयुष्यात पहिल्यांदा ऐकते. उद्या सांगितलं तर पुन्हा पहिल्यांदाच. एका बाईला रोज नव्याने विधवा करण्यात कसली सत्यनिष्ठा आहे? ते टाळायला खोटंही बोलावं लागत नाही. "बाबांना उशीर झाला की तू काय करायचीस गं?" एवढं विचारलं तरी ती बोलू लागते, आणि जे सांगते ते पुष्कळदा खरंच घडलेलं असतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात हे फार नेमकं दिसतं. संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीमागे चालत जाऊन हरवतात. ही भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. अमृता सुभाषने उभ्या केलेल्या माहुताच्या बायकोला त्यांच्या विद्वत्तेचा पत्ताही नसतो. तिच्यापुढे असतो भुकेलेला, भेदरलेला एक म्हातारा, आणि ती त्याचं करते. मुलीला मात्र पूर्वीचे वडील माहीत असतात, म्हणून तिचं दुःख वेगळं. घरच्यांना जास्त जड जातं ते यामुळेच, त्यांची माया कमी असते म्हणून नव्हे.

मराठी घरांत त्यात अपराधीपणाची भर पडते. आईला केअर होममध्ये ठेवलं की "टाकली" असं बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी रात्री तीनला दाराची कडी काढून बाहेर निघालेल्या सासूला समजावून परत आणलेलं असतं? हे काम बहुतेक घरांत सुनेच्या, लेकीच्या किंवा स्वतः म्हाताऱ्या झालेल्या जोडीदाराच्या वाट्याला येतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे त्या वयोगटातल्या ७.४ टक्के लोकांना. त्यांच्यासाठी सोय शोधावी, तर अनेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. चांगली सोय मिळाली आणि परवडली, तर तिथे ठेवणं हा जबाबदारीने घेतलेला निर्णय असू शकतो.

आपल्याकडचा २००७ चा कायदा आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतो. चीनने तर वेगळं राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आईवडिलांना वरचेवर भेटावं असंच २०१३ मध्ये लागू झालेल्या कायद्यात लिहिलं. कायदा माणसाला दारापर्यंत आणू शकेल, पण पुढचा तास त्याचा त्यालाच निभवावा लागतो.

तो निभवायला बोलणंच लागतं असं नाही. हातांना पडलेलं वळण नावांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतं. मुलाचं नाव न आठवणाऱ्या बाईपुढे कापूस ठेवला, तर ती सरकी वेचते, पेळू सारखा करते, बोटाला किंचित दूध लावून फुलवातीचं टोक पिळते, आणि मुलीने वळलेली वात बाजूला काढून ठेवते, सैल झाली म्हणून. शेंगा सोलणं, पोलक्यांच्या घड्या घालणं, लहानपणी पाठ झालेलं स्तोत्र बरोबर म्हणणं, यातही तास बरा जातो. त्या तासात ती कुणाची तरी रुग्ण नसते.

भेटीला येणाऱ्यांकडे आणखी एक गोष्ट असते, जी सेवकांकडे असू शकत नाही, ती म्हणजे तिचं मागचं आयुष्य. ती शिक्षिका होती, त्यामुळे कुणी एकेरी हाक मारली की चिडते. चहा बशीतून पिते. परक्या पुरुषाने आंघोळीला हात लावला तर ओरडते, तो हिंसकपणा नसून लाज असते. हे ठाऊक नसलं की 'त्रास देते' असा शेरा पडतो, कधी गुंगीचं औषध वाढतं. संस्थांनी दाखल करतानाच हे सगळं लिहून घ्यावं, बदलत्या पाळीतल्या प्रत्येक मावशीला ते वाचायला द्यावं, आणि घरच्यांनी दर भेटीत त्यात भर घालावी.