कोठारातले बी आणि उभी गाडी

मोटारीच्या माहितीपुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याची मुदत बहुधा दोन मापांत दिलेली असते: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. रोज धावणाऱ्या गाडीच्या मालकाला दुसऱ्या मापाकडे बघावेच लागत नाही. वर्षाकाठी हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मात्र सगळा प्रश्न तिथेच येऊन अडतो. चाके फिरली नाहीत, यंत्र झिजले नाही, तरी वर्ष उलटले म्हणून तेल बदलायचे, म्हणजे काळ स्वतःच काहीतरी करतो असे मानायचे. काळ खरोखर काही करतो का, हा वाद भारतीय दर्शनांत शतकानुशतके चालला, आणि त्यातली काही उत्तरे गॅरेजमध्ये उपयोगी पडावीत इतकी नेमकी आहेत.

वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत काळ हे एक द्रव्य आहे. प्रशस्तपादांच्या मते प्रत्येक उत्पन्न वस्तूची उत्पत्ती, स्थिती आणि नाश यांना काळ निमित्त असतो. वरवर पाहता हे माहितीपुस्तिकेच्या बाजूचे मत वाटेल. पण न्याय-वैशेषिक परंपरेने काळाला बसवले आहे ते साधारण कारणांच्या रांगेत. साधारण कारण प्रत्येक कार्याला लागते, आणि म्हणूनच कोणत्याही एका कार्याचा उलगडा त्याने होत नाही. त्याच दोन वर्षांत, त्याच गाडीत, पुढची काच जशीच्या तशी राहते आणि ब्रेक ऑइल निकामी होते. काळ दोघांनाही सारखाच लाभलेला असतो. फरक पडला तो असाधारण कारणामुळे, आणि ते काचेत किंवा तेलात आणि त्यांच्या भोवतालात शोधावे लागते. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने तर काळ हे वेगळे द्रव्य मानायचीच गरज नाही, असे म्हणून ही नऊची यादीच छाटली. ॲरिस्टॉटलही दुसऱ्या वाटेने जवळपास तिथेच पोहोचला होता: काळ वस्तू झिजवतो असे लोक म्हणतात खरे, पण झिजवते ती गती, काळ हे त्या गतीचे मोजमाप.

ब्रेक ऑइलइतके चांगले उदाहरण या वादाला दुसरे नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रचलित प्रकारांचा आधार ग्लायकॉल ईथर वर्गातली रसायने असतात, आणि ती हवेतला ओलावा शोषतात. रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून बाष्प आत झिरपत राहते. गाडी धावते की उभी आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. कोरडे, ताजे डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे अमेरिकी वाहन-सुरक्षा मानक सांगते. पाण्याचे प्रमाण ३.७ टक्के झाले की हीच अट १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. सपाट रस्त्यावर, शहरातल्या शहरात, हा फरक कळणारसुद्धा नाही. पुण्याहून ताम्हिणी उतरताना मात्र ब्रेक सतत दाबले जातात, कॅलिपर तापतात, तेलातले पाणी उकळून वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. वर्षभर पार्किंगमध्ये असलेली गाडी पावसाळ्याची दमट हवा खाऊन नेमकी गणपतीला कोकणात उतरायला निघते, हा योग महाराष्ट्रात अगदीच नेहमीचा. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, हा सर्वसाधारण सल्ला कमी चालणाऱ्या गाडीला तंतोतंत लागू पडतो. किलोमीटरचा आकडा इथे गैरलागू आहे.

ओलावा शोषणारे रसायन ब्रेकसाठी निवडलेच का, असा प्रश्न पडू शकतो. आत आलेले पाणी तेलात विरून जावे, एका जागी थेंब होऊन साचू नये, हा त्याचा एक फायदा. साचलेले पाणी तिथेच गंज धरते आणि थंडीत गोठू शकते. सिलिकोनवर आधारलेले डॉट ५ पाणी शोषत नाही, आणि म्हणूनच त्याच्यात शिरलेले पाणी सखल भागात जाऊन बसते.

यातून एक जुना प्रश्न पुढे येतो: तेल खराब झाले ते नेमके कधी? ३.७ टक्के ही चाचणीसाठी ठरवलेली पातळी आहे, ३.६ टक्क्यांपर्यंत चांगले आणि त्यानंतर वाईट, असे तिथे काही घडत नाही. योगसूत्रांच्या व्यासभाष्यात परिणामांचे तीन प्रकार सांगितले आहेत: धर्मपरिणाम, लक्षणपरिणाम आणि अवस्थापरिणाम. मातीचा घट होणे हा पहिला, तो भविष्यातून वर्तमानात येणे हा दुसरा आणि घट घटच राहून नव्याचा जुना होणे हा तिसरा. ब्रेक ऑइलचे होते ते हे तिसरे. रंग किंचित गडद होतो, बाकी ते ब्रेक ऑइलच असते. भाष्यकार वस्त्राचा दाखला देऊन सांगतात की शेवटी दिसणारा जुनेपणा क्षणाक्षणाला घडत आलेला नसेल, तर तो शेवटी अचानक येऊच शकत नाही. वाचस्पती मिश्रांनी त्यावरच्या टीकेत दिलेले उदाहरण तर उभ्या गाडीसाठीच योजल्यासारखे आहे: कोठारात अगदी जपून ठेवलेले भातसुद्धा पुष्कळ वर्षांनी नुसता हात लागताच भुगा होते. जपून ठेवल्याने बदल थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

दर्शनग्रंथांत कोठारातले आणखी एक धान्य प्रसिद्ध आहे. बौद्धांचे म्हणणे असे की, असणे म्हणजे काही कार्य करणे. कोठारातले बी अंकुर देत नाही आणि शेतातले देते. मग ती दोन्ही एकच बी कशी? वस्तू क्षणोक्षणी नवी होत असली पाहिजे. वसुबंधूंनी तर नाशाला वेगळे कारण लागतच नाही, तो वस्तूच्या असण्यातच आहे, असे मांडले. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात याला उत्तर दिले: बी तेच आहे, कोठारात माती, पाणी, ऊब हे सहकारी नव्हते, शेतात ते मिळाले, एवढाच फरक.

उभी गाडी या दोन धान्यांपैकी कोणते, हे ठरवले की बहुतेक गुंता सुटतो. गाडी वापरली नाही म्हणजे तेल जसेच्या तसे राहील, असे मानणारा मालक तिला उदयनांचे बी समजतो. सीलबंद डब्यातल्या इंजिन ऑइलपुरते ते बरोबरही आहे. थंड, कोरड्या जागी ते काही वर्षे टिकते. पण उदयनांचाच युक्तिवाद पुढे नेला तर मालकाचा निष्कर्ष उलटतो. सहकारी नसतील तर कार्य होणार नाही हे खरे, पण इंजिनात ओतलेल्या तेलाभोवती ते असतातच. हवा असते, आधीच्या फेऱ्यांतून आलेले आम्ल आणि काजळी असते, ओलावा असतो. गाडी उभी राहते तेव्हा कारणे थांबत नाहीत, कारणांचा संच बदलतो. घर्षण आणि उष्णता बाहेर पडतात. ओलावा, हवा आणि साचलेले आम्ल मागे राहतात. क्षणिकवाद न मानताही वाचस्पतींचे भात समजून घेता येते ते असे.

इंजिन ऑइलच्या बाबतीत तर पूर्ण बंद गाडीपेक्षा जेमतेम वापरलेली गाडी जास्त त्रासात असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन धुराड्यातून जाते. पण इंजिन थंड असताना थोडे बाष्प आणि थोडे न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या कड्यांवरून खाली तेलात उतरते. अर्धा तास नीट चालवले तर तेल तापून हे बरेचसे उडून जाते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आले तर ते आतच राहते. सोसायटीच्या आवारात आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सद्भाव चांगला, पण तेलाच्या दृष्टीने हा विधी निव्वळ तोट्याचा: पाणी दरवेळी आत जाते आणि ते उडवण्याइतकी ऊब कधीच येत नाही. तेलातली आम्ल मारणारी रसायने अशा वापरात किलोमीटरच्या मानाने फार लवकर खर्च होतात. तेव्हा फेऱ्या कमी आणि आखूड असतील तर वर्षाची मुदत ढिली सोडण्याचे कारण नाही. गाडी काही महिने उभीच राहणार असेल, तर तेल त्याआधी बदलणे शहाणपणाचे. म्हणजे जुने आम्ल बेअरिंगांवर बसून राहत नाही.

नैयायिकांच्या भाषेत, ‘वर्ष झाले, म्हणून तेल खराब’ हे सोपाधिक अनुमान आहे. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे म्हणता येत नाही. इंधन ओले असावे लागते, आणि ते ओले असणे ही तिथली उपाधी. तेलाच्या अनुमानात ती उपाधी म्हणजे हवेशी संपर्क, ओलावा, थंड फेऱ्या. पुस्तिका लिहिणाऱ्याला एखादी गाडी रत्नागिरीत आहे की जैसलमेरमध्ये, हे ठाऊक नसते. म्हणून तो उपाधीच्या जागी दिनदर्शिका ठेवतो. तिला निसर्गनियम समजणे चूक, आणि थोतांड समजणे त्याहून महागात पडणारी चूक.

उरलेल्या द्रवांचे थोडक्यात. कूलंटमधले ग्लायकॉल हळूहळू ऑक्सिडाइझ होऊन आम्लधर्मी होते आणि गंजरोधक रसायने सरत जातात. जुन्या पद्धतीच्या कूलंटला साधारण दोन, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्याला पाचेक वर्षे मिळतात. रंगावरून प्रकार ओळखू नये, रंग हा कंपनीच्या मर्जीचा भाग असतो. गिअर ऑइलला जळणाचा धूर लागत नाही आणि बाहेरची हवाही फारशी मिळत नाही. कमी चालणाऱ्या गाडीत ते पुस्तिकेतल्या मुदतीपर्यंत निवांत राहू द्यावे. पेट्रोल मात्र सर्वांत आधी शिळे होते. त्यातले हलके घटक काही महिन्यांत उडतात, उरलेले चिकट होऊ लागतात, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावाही धरते. टाकी बरीचशी भरलेली ठेवली तर आत हवा कमी राहते. पण वर्षभर तेच पेट्रोल ठेवण्यापेक्षा महिन्यातून एकदा लांबचा फेरफटका मारून ते वापरणे चांगले, त्याने इंजिन ऑइलमधले पाणीही उडते.

जिथे उपाधी थेट मोजता येते तिथे दिनदर्शिकेला दुय्यम स्थान मिळते. ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू तपासणारे उपकरण बऱ्याच मोठ्या गॅरेजमध्ये असते. दोन वर्षे होण्याआधीच आकडा खाली आला असेल तर मुदतीची वाट पाहू नये. इंजिन ऑइल प्रयोगशाळेत तपासता येते, पण एका खाजगी गाडीसाठी ती खटपट नवे तेल ओतण्याहून मोठी ठरते, म्हणून तिथे वर्षाचाच नियम चालतो. जुनी गाडी विकत घेतली आणि आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद नसेल, तर ना वर्षे ठाऊक ना कारणे. अशा वेळी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट तिन्ही बदलून, ती तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटवून तिथून मोजणी सुरू करावी.