डोळ्यांची साक्ष

आमचे अण्णा पस्तीस वर्षे मास्तर होते आणि खोटे बोलणारा मुलगा ओळखण्याची त्यांची एकच कसोटी होती. मुलाला समोर उभे करायचे आणि म्हणायचे, "माझ्या डोळ्यांत बघून सांग." नजर ढळली की निकाल लागला. अण्णा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, त्यामुळे या न्यायासनापुढे मीही लहानपणी पुष्कळदा उभा राहिलो आहे. एकदोनदा मी खरे बोलत असूनही केवळ भीतीने नजर खाली गेली आणि मार खाल्ला. उलट आमचा एक चुलतभाऊ डोळ्याला डोळा भिडवून इतके सफाईने खोटे बोले, की अण्णा त्याचाच आदर्श आम्हाला दाखवीत.

गेल्या वर्षी अण्णा जिन्यावरून दोनदा पडले. जेवताना सदऱ्यावर आमटी सांडू लागली. वहिनी वैतागून म्हणत, "लक्ष कुठे असतं तुमचं?" आम्ही म्हणालो, वय झाले. शेवटी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी फारशी चौकशी केली नाही. मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बोटाकडे बघायला सांगितले आणि बोट हळूहळू खाली आणले. बोट खाली आले. अण्णांचे डोळे आले नाहीत. म्हणजे माणूस निष्काळजी नव्हता. त्याला पायरीच दिसत नव्हती, ताटच दिसत नव्हते! मग भिंतीवरच्या एका खुणेकडे टक लावायला सांगितले. नजर रोखण्यात अण्णांचा जन्म गेलेला. पण ते डोळे मधूनच बाजूला किंचित उडी मारीत आणि लगेच परत येत, आणि अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता.

1964 साली टोरांटोच्या तिघा डॉक्टरांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. नाव लांबलचक, 'प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी'. तो थांबवणारे औषध अद्याप नाही. पुढे बोलणे अडखळते, अक्षर बिघडते. हे सारे डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितले. अण्णा तेव्हा आत चपला शोधत होते.

मग मी वाचत सुटलो. डोळा ही मेंदूची खिडकी आहे असे आपण सहज म्हणून जातो; पण गर्भात डोळ्याचा आतला पडदा मेंदूपासूनच वाढतो, तेव्हा ती खिडकी नसून मेंदूचाच बाहेर आलेला एक भाग आहे. हेल्महोल्ट्झने 1851 साली तो पडदा जिवंत माणसात पाहण्याचे साधन जगापुढे ठेवले. 1980 च्या सुमारास लेसरच्या बारीक किरणाने तो ओळीमागून ओळ टिपणारी यंत्रे आली. त्यात एक अडचण होती. चित्र पुरे होईतो डोळा हलतो आणि ओळी सरकतात. धावत्या एस. टी.त बसून पत्र लिहावे तशी ती अक्षरे वेडीवाकडी होतात. पण कोणाच्या तरी ध्यानात आले, की अक्षरे कुठे आणि किती वाकडी झाली हे पाहिले तर रस्त्यातले खड्डे मोजता येतील! कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात असे यंत्र तयार झाले. एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही लहान हालचाल ते पकडते. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसांच्या डोळ्यांतल्या या सूक्ष्म उड्या निरोग्यांहून वेगळ्या असतात, असे त्यातून दिसले आहे.

हलणे हा मुळात दोष नव्हेच. सेकंदाला एखाददोन अशा उड्या तुमचे-माझे डोळेही मारतात. 1952-53 च्या सुमारास इंग्लंडात आणि अमेरिकेत शास्त्रज्ञांनी अशी युक्ती केली, की डोळा हलेल तसे समोरचे चित्रही हलावे, म्हणजे पडद्यावर ते जागचे ढळू नये. काही सेकंदांत ते चित्र विरून गेले. द्रोणाचार्यांच्या त्या परीक्षेत अर्जुनाची नजर खरोखरच निश्चल झाली असती, तर पक्ष्याचा डोळा त्याला दिसेनासाच झाला असता.

अभ्यंगस्नान आटोपून आरशासमोर उभे राहाल तेव्हा एक गंमत करून पाहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. आपले डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला मात्र ते स्पष्ट दिसतील. ही गोष्ट मला बरेच दिवस छळीत होती. कापणारा हात खिशात लपवता येतो, जीभ आवरता येते. पण माझे डोळे जे लिहीत असतात, ते जगात फक्त मलाच वाचता येत नाही. मग ते पत्र कोणाचे? ज्याने लिहिले त्याचे, की ज्याला वाचता आले त्याचे?

जिथे औषध आहे, तिथे प्रश्न सोपा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस लवकर कळला तर उपचारांचा उपयोग अधिक होतो. तिथे डॉक्टरांनी खुशाल वाचावे. हेच पत्र उद्या विमेवाल्याने किंवा नोकरी देणाऱ्याने परस्पर वाचले तर? रात्रीचे जागरण, दारू, झोपेची गोळी यांनीही डोळ्यांची चाल बिघडते. घाबरलेल्या मुलाला खोटे ठरवणारे मास्तर सगळ्याच धंद्यांत असतात.

पण विमेवाल्याला कशाला बोल लावू? अण्णांचे पत्र मीच तीन आठवडे दडवून ठेवले. मनाची समजूत घालीत होतो, की उपाय नाही तर सांगून काय मिळणार? बिचारे सुखाने राहोत. अण्णांना आपली पुस्तके शाळेला द्यायची होती. प्रत्येक पुस्तकाची नोंद आणि शेजारी दोन ओळींचा अभिप्राय, अशी यादी स्वतःच्या अक्षरात करायची होती. मी म्हणे, "सावकाश करा, घाई काय आहे?" त्या वाक्याला मी दया समजत होतो. हातात अक्षर आहे तोवरच्या त्या दिवसांतले एकवीस मी त्यांना न विचारता खर्चून टाकले होते. आणि खरे सांगायचे तर मला त्यांची नव्हे, ते सांगतानाच्या स्वतःच्या अवस्थेची दया येत होती.

एका संध्याकाळी त्यांनी मला खुर्ची ओढून समोर बसवले. आजाराने त्यांची नजर पूर्वीपेक्षाही रोखलेली दिसते.

"त्या दिवशी डॉक्टर तुला बाहेर काय म्हणाले? माझ्या डोळ्यांत बघून सांग."

साठी उलटलेला मी. नजर खाली गेली ती गेलीच.

"किती दिवस ठाऊक आहे तुला?"

"तीन आठवडे, अण्णा."

मग मी सगळे सांगितले, बोलण्याचे, अक्षराचेही. ते बराच वेळ गप्प होते. स्वयंपाकघरात वहिनी पोह्यांचा चिवडा परतत होत्या, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"उद्या सकाळी लवकर ये," ते म्हणाले, "आणि कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं वर टेबलावर मांडून ठेव. येताना एक दोनशे पानी वही आण. रेघांची."